गाडीच्या पाठीवरचा पंख

संमेलनाच्या तयारीची दुसरी बैठक ज्यांनी चुकवली त्यांच्यासाठी सांगते. त्या दिवशी वर्गणी, जेवणाचा मेनू आणि सरांचा सत्कार हे तिन्ही विषय वीस मिनिटांत उरकले आणि पुढचा पाऊण तास बाहेर उभ्या असलेल्या एका गाडीवर गेला. आपल्यातल्याच एकाची नवी सेडान, आणि तिच्या डिकीवर बाजारातून बसवून घेतलेला भलामोठा पंख. एका बाजूचं म्हणणं, याने गाडी रस्त्याला चिकटून पळते. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, याच्यावर फार तर टॉवेल वाळत घालता येतील. इंजिनिअरिंगला मेकॅनिकल घेऊन पुढे पोटासाठी सॉफ्टवेअरमध्ये गेलेल्या माझ्यासारखीला असा वाद मध्येच सोडवत नाही. संपादक मंडळाने "आठवणींचे लेख पुरेसे झालेत, दुसरं काहीतरी दे" म्हटल्यावर मी हाच विषय घेतला. त्याचं उत्तर एका शब्दात देता येतं, पण त्या उत्तरामागचा इतिहास त्याहून पुष्कळ मोठा आहे, आणि तो सगळाच हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

आधी थोडं विज्ञान. बाईंनी वर्गात कागदाची पट्टी ओठांखाली धरायला लावून वरून फुंकर मारायला सांगितली होती. पट्टी खाली जाण्याऐवजी वर उचलली गेली, आणि मागच्या बाकांवर पुढचा अर्धा तास तेवढंच चाललं होतं. विमानाचा पंख हवेला खाली ढकलतो आणि स्वतः वर उचलला जातो. तोच पंख उलटा केला की तो हवेला वर फेकतो आणि स्वतः खाली दाबला जातो. शर्यतीच्या गाडीवरचा पंख म्हणजे विमानाचा उलटा केलेला पंख.

पण दाबून काय मिळतं? टायर रस्त्याला किती घट्ट धरतो हे त्याच्यावर किती भार आहे यावर ठरतं. भार वाढवायचा सोपा उपाय म्हणजे डिकीत सिमेंटची पोती टाकणं. मात्र वळणावर ती पोतीही गाडीला बाहेर ओढतात. जेवढी पकड वाढली तेवढीच ओढ वाढली, हाती काही लागलं नाही. पंखाची गंमत अशी की तो वजन न वाढवता भार वाढवतो. म्हणून त्याचा फायदा वळणावर आणि ब्रेक लावताना मिळतो. सरळ रस्त्यावर त्याचा अडथळाच होतो, कारण हवा अडवल्याशिवाय दाब मिळत नाही. "पंख लावला म्हणून गाडी जास्त पळते" हे वाक्य सरळ रस्त्यापुरतं सहसा उलटं असतं.

आणखी एक गोष्ट वेगाची. हा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. अर्धा चौरस मीटरचा, मोकळ्या हवेत असलेला बरा पंख धरा. माझ्या ढोबळ हिशेबाने ताशी ६० किलोमीटरला तो सुमारे साडेआठ किलोंचा भार देतो. १२० ला ३४ किलो. २४० ला १३६ किलो, म्हणजे दोन धट्टीकट्टी माणसं मागच्या चाकांवर येऊन बसली. साठच्या वेगाला मात्र जेमतेम एक दप्तर.

ही कल्पना फार जुनी आहे. २३ मे १९२८ रोजी बर्लिनजवळच्या आव्हुस मार्गावर फ्रिट्झ फॉन ओपेल याने २४ रॉकेटं लावलेली गाडी ताशी २३० किलोमीटरच्या वर पळवली. तिच्या दोन्ही कुशींना गाडी जमिनीवर राहावी म्हणून छोटे उलटे पंख होते. लोकांना रॉकेटं लक्षात राहिली, पंख कोणाच्याच नाहीत.

त्यानंतर १९५६. मायकेल मे नावाचा एक तरुण स्विस इंजिनिअर आपली पोर्शे ५५० स्पायडर घेऊन जर्मनीतल्या न्युर्बुर्गरिंगच्या हजार किलोमीटरच्या शर्यतीला आला. गाडीवर, चालकाच्या डोक्याच्या वर, त्याने एक आडवा पंख उभारला होता, आणि त्याचा कोन बसल्या जागेवरून बदलता येत होता. सरावात हा खासगी गडी खुद्द पोर्शे कंपनीच्या गाड्यांपेक्षा वेगवान ठरला. आयोजकांनी पंख काढायला लावला. कारण दिलं की मागून येणाऱ्या चालकांना त्यामुळे समोरचं दिसत नाही. कारण अगदीच खोटं नसेल, पण कंपनीच्या गाड्यांपुढे एक पोरगा निघून गेला नसता तर ते इतक्या तातडीने सुचलं असतं असं मला वाटत नाही. मेने पंखाचा नाद सोडला आणि तो इंजिनांकडे वळला. पुढे १९८१ मध्ये जॅग्वारच्या बारा सिलिंडरच्या इंजिनाला कमी पेट्रोलवर चालायला शिकवणारं सिलिंडर हेड त्याच्याच डोक्यातून आलं. पंख मात्र दहा वर्षं मागे पडला.

तो परत आणला टेक्सासच्या जिम हॉलने. हॉल मेकॅनिकल इंजिनिअर होता आणि स्वतः शर्यतीत उतरणाराही. १९६६ मध्ये त्याने चॅपरल २ई ही गाडी कॅन-ॲम मालिकेत उतरवली. तिच्या मागे दोन उंच खांबांवर पंख उभा होता, आणि ते खांब गाडीच्या अंगावर न टेकता थेट मागच्या चाकांच्या आसाजवळ जोडलेले होते. इथे जरा थांबायला हवं, कारण पुढचं सगळं यावरून घडलं. पंख गाडीच्या अंगावर बसवला तर त्याचा दाब आधी स्प्रिंगांवर येतो, मागची बाजू खाली बसते आणि गाडीची चाल बिघडते. दाब सरळ चाकावर आला तर स्प्रिंगांना त्याची खबरही लागत नाही. शिवाय उंचावर हवा स्वच्छ मिळते. गाडीच्या पाठीलगतची हवा घुसळलेली असते.

हॉलच्या गाडीचं गिअरचं काम आपोआप चालणारं होतं, म्हणून चालकाचा डावा पाय मोकळा. त्या पायाखाली हॉलने एक पेडल दिलं. सरळ रस्ता आला की पेडल दाबायचं, पंख आडवा होतो, हवेचा अडथळा कमी. वळण आलं की पाय उचलायचा, पंख पुन्हा कलतो, दाब परत. पंखाचं दुखणं आणि त्यावरचं औषध दोन्ही त्याला एकदमच कळलं होतं. त्या मोसमात लागुना सेकाला फिल हिल पहिला आणि स्वतः हॉल दुसरा आला. पुढच्या वर्षी तसाच उंच पंख लावलेल्या चॅपरल २एफने इंग्लंडमध्ये ब्रँड्स हॅचची सहा तासांची शर्यत जिंकली. चालक फिल हिल आणि माइक स्पेन्स.

यानंतर फॉर्म्युला वनवाले गप्प बसणं शक्यच नव्हतं. १९६८ च्या जूनमध्ये बेल्जियममधल्या स्पा इथे फेरारीच्या माउरो फोर्गिएरीने आपल्या गाडीवर पंख बसवला. सरावात क्रिस एमॉनची सर्वोत्तम फेरी दुसऱ्या क्रमांकाच्या गाडीपेक्षा ३.७ सेकंदांनी कमी वेळाची होती. स्पाची फेरी तेव्हा चौदा किलोमीटरची असायची हे खरं, आणि एमॉन मुळातच तरबेज होता हेही खरं. सगळं श्रेय पंखाला देता येणार नाही. पण जिथे लोक दशांश सेकंदासाठी जीव टाकतात तिथे ३.७ हा आकडा डोळ्यांत भरणारा होता. शर्यतीत दगड लागून त्याचा रेडिएटर फुटला आणि गाडी बंद पडली ही गोष्ट वेगळी.

वर्षभरात प्रत्येक गाडीवर पंख आले. काहींवर पुढेही आणि मागेही. सगळे बांबूसारख्या बारीक खांबांवर. विमान बांधणाऱ्या लोकांनी पन्नास वर्षं घालवून जे हिशेब शिकले होते, ते शर्यतवाल्यांनी एका हिवाळ्यात अंदाजाने उरकले. कॉलिन चॅपमनची लोटस यात सर्वांत पुढे होती. हलकेपणा हा चॅपमनचा ध्यास होता. त्याच्या गाड्या जिंकायच्या, पण मोडायच्याही.

४ मे १९६९, बार्सिलोनातली मोंजुइक टेकडी. शहराच्या बागेतल्या रस्त्यांवर ही शर्यत होत असे. वाटेत एक चढाव होता. त्याच्या माथ्यावर गाडी क्षणभर हलकी व्हायची, चाकं खाली लोंबायची आणि पुन्हा भार घ्यायची. प्रत्येक फेरीला खांबांना तो हिसका. सुरुवातीच्या फेऱ्यांतच ग्रॅहम हिलच्या लोटसचा मागचा पंख कोसळला आणि गाडी कठड्यावर आदळली. (हा हिल इंग्रज, वरचा फिल हिल अमेरिकन, नात्याने एकमेकांचे कोणी नव्हेत.) ग्रॅहम हिल सुखरूप बाहेर आला. विसाव्या फेरीला त्याच जागी, त्याच कारणाने, आघाडीवर असलेल्या योखेन रिंटची दुसरी लोटस आदळली आणि हिलच्या पडलेल्या गाडीवर जाऊन उलटली. रिंटचा जबडा मोडला.

इथे पंखाच्या उपयोगाचा खरा अर्थ कळतो. पंख निकामी असता तर तो तुटल्यावर काही बिघडलंच नसतं. तो इतका कामाचा होता की चालक त्याच्या भरवशावरच वेग ठरवत होते. पंख गेला त्या क्षणी टायरांची पकड कमी झाली, वेग मात्र पंख असतानाचाच राहिला. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात अशा भागाला आम्ही फार घाबरतो: जो असताना जाणवत नाही आणि गेला की सगळं घेऊन जातो.

दोन आठवड्यांनी मोनाकोला, पहिल्या दिवसाचा सराव झाल्यानंतर, उंच पंखांवर बंदी आली. त्या दिवशीच्या वेळाही रद्द झाल्या. थोड्याच दिवसांत पंख परत आले, पण बुटके, गाडीच्या अंगाला घट्ट जोडलेले आणि न हलणारे. आजवरच्या शर्यतीच्या गाड्यांचा चेहरा त्या नियमाने घडवला आहे. रिंटने जाहीर पत्र लिहून पंखांना विरोध केला होता. तो नुसता भित्रेपणा होता असं कोणी म्हणू नये. तुटलेल्या जबड्याचा माणूस बोलत होता.

पुढच्या वर्षी, १९७० मध्ये, चॅपमनने लोटस ७२ आणली. पाचरीच्या आकाराची, पुढे दोन पंख, मागे एकावर एक असा थरांचा पंख. रिंटने तिच्यावर झांडफोर्ट, क्लेर्मों-फेराँ, ब्रँड्स हॅच आणि हॉकेनहाइम अशा ओळीने चार शर्यती जिंकल्या. ज्याचा पंखांवर विश्वास नव्हता तोच पंखांच्या सर्वांत चांगल्या गाडीवर जगज्जेतेपदाकडे निघाला होता.

मग इटलीतलं मोन्झा. तेव्हा तिथे वेग मोडणारी आडवळणं नव्हती; जवळजवळ सगळी फेरी पाय दाबून. फेरारीच्या बारा सिलिंडरच्या गाड्या सरळ रस्त्यावर फार जोरात जात होत्या. त्यांना गाठायचं तर हवेचा अडथळा कमी करणं हा एकच मार्ग. लोटसचे पंख काढून टाकले. संघातला दुसरा चालक जॉन माइल्स याने गाडी सरळ चालत नाही अशी तक्रार केली. रिंटला वाढलेला वेग आवडला. ५ सप्टेंबरच्या सरावात पाराबोलिका वळणाआधी ब्रेक लावताना त्याची गाडी डावीकडे ओढली गेली आणि कठड्यात घुसली. रिंट गेला. पुढच्या उजव्या चाकाच्या ब्रेकचा दांडा तुटला हे कारण सर्वसाधारणपणे मानलं जातं. पंख असते तर तो वाचला असता असं म्हणायला आधार नाही, आणि मी तसं म्हणत नाही. पण ताशी तीनशेच्या घरात, बिनपंखांच्या हलक्या गाडीला सावरायला त्याच्या हाती फार थोडी पकड होती, एवढं हिशेबाने कळतं. उरलेल्या शर्यतींत त्याचे गुण कोणालाच ओलांडता आले नाहीत. मरणानंतर जगज्जेता ठरलेला फॉर्म्युला वनचा तो आजवरचा एकमेव चालक.

मोंजुइकचं प्रकरण इथे संपलं नाही. २७ एप्रिल १९७५ ला त्याच टेकडीवर रोल्फ श्टोमेलन आघाडीवर असताना त्याच्या गाडीचा मागचा पंख आधारापासून तुटला, गाडी कठड्यावरून उडाली आणि पलीकडे उभ्या असलेल्या माणसांचे प्राण गेले. शर्यत मध्येच थांबवली गेली. फॉर्म्युला वन त्यानंतर मोंजुइकला कधीच गेली नाही. श्टोमेलनची गाडी ज्या संघाची होती त्याचा मालक होता ग्रॅहम हिल. सहा वर्षांपूर्वी त्याच टेकडीवर पंख मोडून जो वाचला होता, तोच.

आता आपल्यासारख्यांच्या रस्त्याकडे येऊ. रस्त्यावरच्या गाडीची अडचण निराळी असते. तिचं छप्पर वरून फुगीर आणि पोट जवळजवळ सपाट, म्हणजे नकळत ती विमानाच्या सुलट्या पंखासारखी असते. वेग वाढला की मागची बाजू हलकी होऊ लागते. इथे जे लावतात त्याला स्पॉयलर म्हणतात, म्हणजे बिघडवणारा. तो हवेला फारसं दाबत नाही. उतरत्या पाठीला चिकटून खाली वाहणारी हवा तो तोडतो, बिघडवतो, आणि गाडीचं उचललं जाणं कमी करतो. पंख आणि स्पॉयलर हा फरक त्या बैठकीत कोणीच केला नाही, त्यामुळे दोन्ही बाजू वेगवेगळ्या वस्तूंबद्दल भांडत राहिल्या.

स्पॉयलरचं देखणं उदाहरण १९७२ च्या ऑक्टोबरमध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात दिसलं: पोर्शे ९११ कॅरेरा आरएस २.७. इंजिनच्या झाकणालाच बदकाच्या शेपटीसारखा बाक दिलेला. शर्यतीसाठी मान्यता मिळायला ५०० गाड्या विकणं भाग होतं, आणि विक्री खात्याला त्या खपतील याची खात्री नव्हती. शेवटी १,५८० बनल्या. त्या शेपटीने मागची उचल कमी केलीच, शिवाय हवेचा अडथळाही किंचित कमी झाला. असं दुहेरी दान क्वचितच पडतं.

उलट बाजूचं, आणि अधिक शिकवणारं उदाहरण ऑडी टीटीचं. १९९८ मध्ये ही गाडी रस्त्यावर आली तेव्हा तिची पाठ अंड्यासारखी गुळगुळीत होती, स्पॉयलर नाही. रेखाटनात सुरेख दिसणारी. जर्मनीच्या महामार्गांवर अतिवेगात अचानक लेन बदलताना किंवा वळणावर मागची बाजू सुटून अपघात झाले, माणसं दगावली. २००० च्या सुमारास कंपनीने गाड्या परत बोलावून सस्पेन्शन बदललं, इलेक्ट्रॉनिक स्थिरता नियंत्रण दिलं आणि डिकीच्या काठावर एक छोटा स्पॉयलर बसवला. बघणाऱ्याला तो दागिना वाटेल. तो दुरुस्तीचा भाग होता.

निव्वळ दागिनाही असतोच. आपल्यातल्या कित्येकांच्या वह्यांच्या कव्हरवर आणि भिंतीवरच्या पोस्टरवर जी लॅम्बोर्गिनी काउंटाश होती, तिच्या मागचा तो प्रसिद्ध पंख गाहक हौसेने जादा पैसे भरून घेत. पंख नसलेली काउंटाश त्याच्यापेक्षा जास्त वेगाने जात असे. पोस्टर मात्र पंखवालीचंच खपायचं.

मग आपल्या मित्राची सेडान? तिच्या पंखाचं माप मी डोळ्यानेच घेतलं: सव्वा मीटर रुंद, हाताच्या वितीपेक्षा कमी खोल. मागच्या काचेवरून उतरणारी घुसळलेली हवा त्याच्या वाट्याला येते. उदार मनाने हिशेब केला तरी ताशी ८० ला पावणेतीन किलोंच्या आसपास दाब, म्हणजे एक बेताचं कलिंगड. त्यातही गाडीची पुढची चाकं ओढणारी आहेत. दाब पडतो तो मागच्या, नुसत्या मागोमाग फिरणाऱ्या चाकांवर. गाडी पिकअप जास्त घेईल ही आशा त्यामुळे सोडलेली बरी. आणि तो पातळ पत्र्याला चार स्क्रूंनी धरलेला असेल तर ते स्क्रू अधूनमधून घट्ट केलेले बरे, हे मोंजुइकच्या आठवणीने सांगते.

जिम हॉलचं डाव्या पायाचं पेडल मात्र वाया गेलं नाही. हलत्या पंखांवरची बंदी फॉर्म्युला वनने २०११ मध्ये थोडी सैल केली आणि मागच्या पंखाची एक झडप सरळ रस्त्यावर चालकाला उघडू दिली. त्याच वर्षी आपल्याकडे ग्रेटर नोएडाला पहिली फॉर्म्युला वन शर्यत झाली, तेव्हा आपल्यातले जे दोघे तिथे गेले होते त्यांनी ती उघडझाप पाहिलीच असेल. रस्त्यावरच्या गाडीत हे त्याआधीच आलं होतं. १९८९ च्या सुमाराच्या पोर्शे ९११ मध्ये मागचा स्पॉयलर एरवी आत झोपलेला असतो आणि गरज पडल्यावर मोटरने वर येतो. ती गरज केव्हा पडते हे त्या इंजिनिअरांनी मोजून ठरवलं होतं: ताशी ८० किलोमीटर. त्याखाली तो वर येतच नाही. शाळेसमोरच्या रस्त्यावर, भाजी मंडई आणि रिक्षा स्टँडच्या मधून, त्याला कधी बाहेर डोकावायची संधी मिळाली असती असं वाटत नाही.